ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणणाऱ्या ट्रान्सपोर्ट मालकांना खुले पत्र

प्रति,
कळंबोली, तळोजा, तुर्भे आणि उरण पट्ट्यातले सर्व ट्रान्सपोर्ट मालक व मालवाहतूकदारांच्या संघटना

स. न. वि. वि.

ड्रायव्हर मिळत नाहीत, ही तुमची तक्रार आता आम्हालाही पाठ झाली आहे. गाड्या यार्डात उभ्या, बँकेचा हप्ता मात्र चालू. ऑफिसच्या दारावर कागद चिकटवलेला असतो, ‘हेवी ड्रायव्हर पाहिजे, लोकल’. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते, ‘अनुभव किमान तीन वर्षे’. हे पत्र त्या खालच्या ओळीबद्दल आहे.

मी कोपरखैरण्याचा. मूळ गाव पाटण तालुक्यात, वडील तुर्भ्याच्या धान्य बाजारात माथाडी. बारावीनंतर छोटा हत्ती चालवायला लागलो. भाजी मार्केटमधून पहाटे माल भरायचा आणि ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या दुकानांवर उतरवायचा. आता हेवीचं लायसन्स हातात आलंय आणि मला लोकल काम हवंय. बंदरातून सीएफएसला, म्हणजे कंटेनर ठेवायच्या आणि खाली करायच्या यार्डात, कंटेनर, कळंबोलीहून तळोज्याला लोखंड, नाहीतर रबाळ्याहून भिवंडीच्या गोदामात माल, काहीही चालेल. लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीवर, जायचं नाही कारण वडिलांची पाठ गेली आहे आणि घरात दुसरं कोणी त्यांना दवाखान्यात नेणारं नाही. माझ्यासारखी कारणं असलेली पोरं नवी मुंबईत ढिगाने आहेत.

लायसन्स कसं मिळतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या मुनीमांना एकदा आठवण करून द्या. मालवाहू गाडीसाठी वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. हलक्या गाडीचं लायसन्स काढून वर्ष झालेलं असावं लागतं. मग शिकाऊ लायसन्स, ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म 5, डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1-ए, आरटीओची टेस्ट. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एवढ्या चाळणीतून गेल्यावर सरकार म्हणतं, चालव. तुमचा मुनीम म्हणतो, आधी कुठेतरी चालवून ये.

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. लायसन्स मिळालं म्हणजे ड्रायव्हर झाला असं मीही मानत नाही. टेस्ट होते ती शाळेच्या जुन्या, रिकाम्या गाडीवर. दहा चाकी गाडीला 2018 पासून भरलेल्या वजनासकट 28.5 टनांची मर्यादा आहे. एवढं वजन मागे असताना ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाऊन थांबते, वळणावर मागचा भाग कसा आत ओढला जातो, उतारावर कोणता गिअर धरायचा, हे रिकाम्या गाडीत कळायचं कसं? 2021 च्या नव्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरमध्ये जड वाहनाचा कोर्स 38 तासांचा केलाय, त्यात सिम्युलेटरही आहे. चांगलंच आहे ते. पण 38 तासांत फार तर गाडीची ओळख होते, सवय होत नाही. ती भरलेल्या गाडीत, रोजच्या रस्त्यावर, शेजारी कोणीतरी जाणता बसलेला असतानाच होते.

आणि इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. तो जाणता आणि त्याच्या शेजारची ती जागा पूर्वी तुमच्याच गाडीत होती.

तुमच्यातले कितीतरी जण स्वतः क्लीनर म्हणून गाडीत चढले. काहींनी सिडकोत जमीन गेल्यावर आलेल्या पैशातून पहिला डंपर घेतला आणि तो आधी स्वतःच हाकला. उरण-पनवेलच्या गावांत ही गोष्ट घरोघरी ऐकायला मिळते. तुम्हाला कोणी ‘अनुभव किती’ म्हणून विचारलं होतं? पोरगं गाडीत चढायचं, काच पुसायचं, लोखंडी पाना घेऊन टायर ठोकून हवा बघायचं, ताडपत्री ओढायचं, रस्सी आवळायचं, मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत गाडी लावून द्यायचं. स्टोव्हवर उस्तादचा, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरचा, भात शिजवायचं आणि उस्तादच्या शिव्याही खायचं. परतीला गाडी रिकामी असली आणि रस्ता मोकळा असला की उस्ताद स्टिअरिंग हातात द्यायचा. कायद्यात ते बसत नव्हतं, मार आणि शोषणही त्यात भरपूर होतं. त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण ट्रक कसा शिकायचा याची या देशातली खरी शाळा तीच होती आणि तिची फी कोणी भरत नव्हतं.

मग क्लीनर महाग पडायला लागला. आधी लोकल गाड्यांवरून गेला, मग लाईनच्याही. जुलै 2025 च्या संपात तुमच्या संघटनांच्या मागण्यांमध्ये ई-चलनाच्या जोडीला क्लीनरची सक्ती रद्द करा हीसुद्धा मागणी होती. नुसत्या सक्तीसाठी दंड भरावा लागतो, कॅमेरे आले, सेन्सर आले, मग माणूस कशाला, असा तुमचा हिशेब. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्या हिशेबात एक रकाना राहून गेलाय एवढंच म्हणतो. क्लीनर गेला त्या दिवशी पुढच्या दहा वर्षांनी लागणारा ड्रायव्हरही गेला. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. गारेगार केबिन, डावीकडची सीट रिकामी, आणि दारावर कागद: ड्रायव्हर पाहिजे.

कळंबोलीत एका ठिकाणी माझी ट्रायल घेतली. मुनीमाने ट्रेलरची चावी दिली आणि शेडच्या तिसऱ्या दाराला मागून लावायला सांगितलं. दोन्ही बाजूंना लोखंडाच्या पट्ट्यांचे गठ्ठे, समोर एक क्रेन उभी. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं असतं. शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि शेपूट वळायला लागलं की लगेच घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, त्याच्या मागे सरळ करायला घ्यायचा, नाहीतर मधे कात्री होते. आधी ब्रेकची हवा भरेपर्यंत थांबलो, काट्याकडे बघत. मग उतरून मागे चक्कर मारून आलो. पहिल्यांदा शेपूट थोडं जास्त वळलं, पुढे ओढून सरळ केलं, दुसऱ्यांदा दाराच्या रबराला टेकवलं. मुनीम म्हणाला, ‘हात चांगला आहे. अनुभवाचा कागद?’

नव्हता. असता कुठून?

बाजूला बाकावर एक वयस्कर ड्रायव्हरकाका चहा पीत बसले होते, त्याच ऑफिसच्या गाडीवरचे. मी त्यांना बाहेर आल्यावर विचारलं, काका, तुमच्याकडे आहे का असा कागद? ते हसले. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी कागद दिला नव्हता आणि कोणी मागितलाही नव्हता. त्यांना लावताना गावातल्या एका माणसाने शब्द टाकला होता. म्हणजे तुम्ही ज्याला अनुभव म्हणता तो प्रत्यक्षात कोणाची तरी ओळख असते. उत्तर प्रदेशातल्या एका गावचे पाच जण एकाच ऑफिसात असतात ते त्यामुळेच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आमच्या वडिलांनाही मार्केटमध्ये मुकादमाच्या ओळखीनेच टोळीत घेतलं होतं. पण मग कागदावर तसं लिहा ना. ‘ओळख पाहिजे’ लिहा, आमचे हेलपाटे तरी वाचतील.

दुसरं कारण ऐकायला मिळतं ते विम्याचं. ‘नवीन माणूस असला तर इन्शुरन्स क्लेम देत नाही.’ हे मी इतक्या ठिकाणी ऐकलं की शेवटी एका ओळखीच्या मालकाची पॉलिसी मागून वाचली. ड्रायव्हरच्या कलमात लिहिलंय की चालवणाऱ्याकडे त्या वेळी त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स असावं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. किती वर्षं चालवलं याची अट त्यात नाही. मोटार विम्याच्या पॉलिसीतलं हे नेहमीचंच कलम आहे, तुमच्याही कपाटात असेल. कृपया काढून वाचा. अनुभव नसलेल्याची तुम्हाला भीती वाटते हे मला समजतं, पण ती विमा कंपनीच्या नावावर खपवू नका.

आता तुमच्या धंद्यातली सगळ्यात उफराटी चाल. नव्या पोराला तुम्ही सांगता, ‘आधी दोन वर्षं लाईन मार, मग लोकल देतो.’ म्हणजे ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला कसारा घाटात आणि बोरघाटात पाठवायचं आणि ज्याचा हात बसलाय त्याला तळोजा एमआयडीसीत ठेवायचं! लाईनवर पाठवता तेही डिझेलच्या ॲव्हरेजची अट घालून. ॲव्हरेज आलं नाही तर पैसे कापणार. मग पोरगं काय करतं? खंडाळ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रल करतं, थेंबभर डिझेल वाचावं म्हणून. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत. त्यात कोणी इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत उरलेली हवा प्रत्येक दाबाबरोबर कमी होत जाते. एक्स्प्रेस वेच्या त्या उतारावर पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळलेल्या ट्रकच्या बातम्या तुम्हीही वाचता. बातमीत लिहिलेलं असतं, ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. कमी ॲव्हरेजचे पैसे कोण कापणार होतं, हे काही छापून येत नाही.

लोकल सोपं आहे म्हणून मागतोय असं समजू नका. लोकल अवघड आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. वेग कमी असतो, तेव्हा चूक झाली तर बंपर जातो, माणूस सहसा जात नाही. शिकायला म्हणूनच ते बरं. गव्हाण फाट्यावर नाहीतर करळला तासन्‌तास रांगेत उभं राहायचं, मुंब्रा बायपासवर पहिल्या गिअरमध्ये चढायचं, शिळफाट्याला दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी घुसतात त्यांना सांभाळायचं, नो एन्ट्रीची वेळ सुरू व्हायच्या आत ऐरोली ओलांडायचं, नाहीतर गाडी बाजूला लावून ती संपायची वाट बघायची. पाम बीचवर जड गाडी घालायची नाही, रबाळ्याच्या कोणत्या गल्लीत वायर खाली लोंबते, भिवंडीच्या कोणत्या गोदामासमोर ट्रेलर वळत नाही, हे सगळं आम्हाला टेम्पोवर असल्यापासून माहीत आहे. बाहेरून आणलेल्या चांगल्या ड्रायव्हरलाही हे समजायला वेळ लागतो. पण टेम्पोची ती वर्षं तुम्ही अनुभवात धरतच नाही. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं. म्हणजे छोटा हत्ती, मग चारशेसात नाहीतर छोटी आयशर, मग दहा चाकी, मग ट्रेलर अशी शिडी तयारच आहे. तुम्ही तिची मधली पायरी काढून ठेवली आहे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. लोकलला फेरीवर पैसे देता. सीएफएसच्या गेटवर गाडी दिवसभर अडकली तर त्या दिवशी ड्रायव्हरच्या हातात काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा, नोव्हेंबर 2025 पर्यंत तो लागू होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 असं त्यात तेव्हाच लिहून ठेवलं होतं. आजवर भेटलेल्या एकाही ड्रायव्हरला ते माहीत नव्हतं. ओव्हरलोडचं तसंच. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असा दंड आहे. माल भरतो पार्टीवाला, हो म्हणतो मालक, आणि नाक्यावर हात जोडून उभा राहतो ड्रायव्हर. चालवणारा स्वतः मालक नसेल तर जादा माल मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरला असं कोर्ट गृहीत धरू शकतं, असं त्याच कायद्याच्या 113 व्या कलमात आहे. नव्या पोरांनो, हे तुमच्यासाठीही लिहितोय. काट्यावर वजन केल्याची पावती जपून ठेवा.

आणि लायसन्स. काही ठिकाणी कामावर घेतानाच मूळ लायसन्स टेबलाच्या खणात ठेवून घेतात, पोरगं पळून जाऊ नये म्हणून. पगार थकला तरी त्याला दुसरीकडे जाता येत नाही. ज्या धंद्यात माणूस मिळत नाही म्हणून रडतात, त्याच धंद्यात मिळालेल्या माणसाला असं बांधून ठेवतात.

आमच्या घरात या सगळ्याचा दुसरा नमुना आहे, म्हणून राहवत नाही. वडील ज्या गोण्या उचलायचे त्याच गोण्या ड्रायव्हर आणतो. पण 1969 साली माथाडी कायदा झाला, मंडळं झाली, अण्णासाहेब पाटलांनी माणसं उभी केली, आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये आलं. व्यापारी मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतो, मंडळ कामगाराला देतं. कोण किती वर्षांपासून कोणत्या टोळीत आहे हे कागदावर असतं. वडिलांची पाठ त्या कागदाने वाचली नाही, पण फंड मिळाला, डोक्यावर छप्पर आलं. माथाडीत आज काय काय बिघडलंय ते मी घरी बसून ऐकतो. वाराईवरून, म्हणजे माल उतरवण्याच्या पैशांवरून, तुमची आणि त्यांची जुंपते तेही माहीत आहे. तरी त्याच गेटातून आत येणाऱ्या ड्रायव्हरचं नाव कुठल्याच वहीत नाही आणि वडिलांचं होतं, हा फरक उरतोच.

तर मागणं असं आहे. सरकारकडे नाही, तुमच्याकडेच, कारण हे तुम्ही उद्यापासून करू शकता.

ज्यांच्याकडे पाच-दहा गाड्या लोकलला आहेत त्यांनी एका गाडीवर डावीकडची सीट भरावी. हेवीचं लायसन्स असलेल्या नव्या माणसाला तीन महिने जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवावं, पगारी. पहिले काही आठवडे तो ताडपत्री, सील, कंटेनरचे ट्विस्ट लॉक, इंजिनाचा धूर कमी करणारा युरिया, ई-वे बिल, गेटपास बघेल, मग रिकामी गाडी चालवेल, मग भरलेली. लायसन्स असल्याने पूर्वीसारखी चोरून स्टिअरिंग द्यायची गरज नाही. शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला वरचा भत्ता द्या, नाहीतर तो आपली खुर्ची जाईल म्हणून शिकवणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकणारही नाही. खर्चाचं म्हणाल तर केंद्राची ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे, तीत विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं. तुमच्या संघटनेकडे ऑफिस आहे, वकील आहे, सीए आहे. आपल्या धंद्याला ती लावून घेता येते का हे त्यांनी एकदा बघावं. एकटा मालक त्या कागदांच्या मागे लागणार नाही, मला कळतं.

तीन महिन्यांनी लेटरहेडवर चार ओळी द्या: नाव, लायसन्स नंबर, कोणत्या प्रकारची गाडी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. ‘माणूस चांगला आहे’ वगैरे लिहू नका, नुसती नोंद द्या. आणि संघटनेने ठरवावं की एका सभासदाचा असा कागद दुसरा सभासद मानेल. लायसन्स खणात ठेवायची वेळही मग येणार नाही. नीट सोडून गेलेल्याला कागद मिळेल, गाडी टाकून पळालेल्याला मिळणार नाही. त्याला धरून ठेवायला एवढं पुरेसं आहे.

केमिकलचे टँकर मागत नाही. त्याला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते, आणि तळोज्याच्या रस्त्यावर तो माल घेऊन नवख्याने जाऊ नये हे मलाही पटतं. घाटात पाठवायचं असेल तर वर्षभराने पाठवा, तेही ॲव्हरेजची अट काढून.

कोणी म्हणेल, शिकवू आम्ही आणि पळवून नेईल शेजारचा. नेईलही. तुम्हीही आज शेजाऱ्याने शिकवलेलाच माणूस पाचशे-हजार जास्त देऊन नेता. फक्त शेजाऱ्याने शिकवणं कधीच बंद केलंय, म्हणून न्यायला कोणी उरलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर लायसन्स, मेडिकल आणि टेम्पो मालकाचा फोन नंबर तयार आहे. रात्रपाळी चालेल, बंदराची रांग चालेल, पहिले तीन महिने कमी पगारही चालेल, पण भत्ता पूर्ण हवा कारण गेटवर भूक जुन्या ड्रायव्हरइतकीच लागते. तुमच्यापैकी कोणी ही सीट भरायला तयार असेल तर दारावरच्या त्या कागदाखाली ‘नवीन लायसन्सवाल्यांनीही यावे’ एवढं लिहा. मला एकट्याला कळवायची गरज नाही. कळंबोलीत असा एक कागद लागला तर संध्याकाळपर्यंत घणसोलीपर्यंत बातमी पोचते.

आपला,
हेवी लायसन्स मिळालेला एक टेम्पो ड्रायव्हर
कोपरखैरणे, नवी मुंबई